चॅट्सवर्थ कसं वाचलं: कॅव्हेंडिश घराणं आणि १९५० चा मृत्युकर

२६ नोव्हेंबर १९५० रोजी डेव्हनशरचे दहावे ड्यूक, एडवर्ड कॅव्हेंडिश, ईस्टबोर्नमधल्या कॉम्प्टन प्लेस या आपल्या घरी हृदयविकाराने वारले. वय ५५. लाकडं फोडण्याची त्यांना आवड होती आणि तेच करताना त्यांना झटका आला. आणखी चार महिने ते जगले असते, तर इंग्लंडमधल्या एका सर्वांत मोठ्या खासगी इस्टेटीचा, आणि तिचं मुख्य घर असलेल्या डार्बीशरमधल्या चॅट्सवर्थ या वाड्याचा, पुढचा इतिहास वेगळा झाला असता.

कारण असं. १९४६ मध्ये ड्यूकसाहेबांनी आपली बहुतेक मालमत्ता मुलाच्या फायद्यासाठी केलेल्या एका विश्वस्त व्यवस्थेकडे वर्ग केली होती. तिचं नाव ‘चॅट्सवर्थ सेटलमेंट’. तेव्हाचा ब्रिटिश कायदा सांगत होता, की देणगी दिल्यावर देणारा पाच वर्षं जगला तर त्या मालमत्तेवर मृत्युकर नाही. त्याआधी गेला तर ती अजून त्याचीच होती असं धरून कर आकारायचा. ही मुदत पूर्वी तीन वर्षांची होती, ती १९४६ मध्येच पाच झाली. जुनी मुदत असती तर ड्यूक कधीच सुटले होते. नव्या मुदतीत ते थोडक्यासाठी अडकले.

दर होता ८० टक्के. करापोटीची रक्कम ७० लाख पौंडांच्या घरात गेली. वारस होता तीस वर्षांचा धाकटा मुलगा अँड्र्यू. खरं तर या सगळ्याचा वारस तो नव्हताच. थोरला भाऊ विल्यम सप्टेंबर १९४४ मध्ये बेल्जियममध्ये लढताना मारला गेला होता. चारच महिन्यांपूर्वी त्याचं लग्न झालं होतं, अमेरिकेचे पुढे राष्ट्राध्यक्ष झालेल्या जॉन केनेडींची बहीण कॅथलीन हिच्याशी. मूल नव्हतं. म्हणून पदवी, जमीन, घरं आणि आता हे देणं, सगळं अँड्र्यूकडे आलं.

इंग्लंडमध्ये विसाव्या शतकात शेकड्यांनी मोठी घरं पाडली गेली. कुठे छप्पर काढून दगड विकले, कुठे शाळा झाली, कुठे वेड्यांचं इस्पितळ. चॅट्सवर्थही त्याच वाटेने जाईल असं अनेक जाणकारांना वाटत होतं. ते गेलं नाही, आणि ते का गेलं नाही हेच या प्रकरणात बघण्यासारखं आहे.

एका बाईने जमवलेली दौलत

या घराण्याची मुळं शोधायला लागलं की रणांगण लागत नाही, एक हिशेबी बाई लागते. एलिझाबेथ हार्डविक, जिला इतिहास ‘बेस ऑफ हार्डविक’ म्हणतो. डार्बीशरमधल्या एका लहान जमीनदाराची मुलगी. वडील लवकर गेले आणि वारस अज्ञान म्हणून घरच्या जमिनीवर सरकारी देखरेख आली. जमीन हातात असणं आणि नसणं यातला फरक तिला लहानपणीच कळला असणार.

तिने चार लग्नं केली. दुसरा नवरा सर विल्यम कॅव्हेंडिश. आठव्या हेन्रीने इंग्लंडमधले मठ बरखास्त करून त्यांच्या जमिनी ताब्यात घेतल्या, त्या कामावरचा हा अधिकारी. त्या धामधुमीत त्याच्या स्वतःच्या पदरातही बरंच पडलं. बेसच्या आग्रहावरून त्याने दक्षिणेतल्या जमिनी विकून डार्बीशरमध्ये घेतल्या आणि १५४९ मध्ये चॅट्सवर्थची जागा ६०० पौंडांना विकत घेतली. १५५७ मध्ये तो वारला तेव्हा राजखजिन्याच्या हिशेबात त्याच्याकडून पाच हजार पौंडांहून जास्त येणं निघालं होतं. म्हणजे चॅट्सवर्थवर सरकारी देण्याचं सावट पडलं ते १९५० मध्ये पहिल्यांदा नव्हे. घर उभं राहत होतं तेव्हाही ते होतं, आणि बेसने ते निभावून नेलं.

चौथा नवरा श्रूजबरीचा अर्ल. स्कॉटलंडची राणी मेरी कैदेत असताना तिची देखरेख एलिझाबेथ राणीने याच अर्लवर सोपवली होती, त्यामुळे मेरीचे काही दिवस चॅट्सवर्थमध्येही गेले. हे लग्न पुढे फार वाईट रीतीने मोडलं. अर्ल १५९० मध्ये वारला तेव्हा बेस साठी उलटलेली, प्रचंड श्रीमंत आणि पूर्ण स्वतंत्र होती. तिने आपल्या माहेरच्या जागेवर नवा हार्डविक हॉल बांधायला घेतला आणि १५९७ मध्ये ती राहायला गेली. भिंतींपेक्षा काचाच जास्त, अशी त्या घराची ख्याती आहे. त्या काळात काच महाग होती. खिडक्या म्हणजे उघड ऐश्वर्य. मनोऱ्यांच्या माथ्यावर दगडात कोरलेली ‘ई’ आणि ‘एस’ ही तिच्या नावाची (एलिझाबेथ श्रूजबरी) आद्याक्षरं आजही लांबून दिसतात. नवऱ्याच्या, मुलाच्या किंवा राजाच्या नावाने न बांधलेलं, एका बाईने स्वतःच्या नावाने आभाळात लिहिलेलं हे घर मला चॅट्सवर्थपेक्षा मोठं वाटतं. या घराचं पुढे काय झालं ते ओघाने येईलच.

१६०८ मध्ये बेस गेली. थोरल्या मुलाशी, हेन्रीशी, तिचं बिनसलं होतं; खरा वारसा धाकट्या विल्यमकडे आला आणि हेन्रीकडचं चॅट्सवर्थही त्याने विकत घेतलं. १६१८ मध्ये त्याला डेव्हनशरच्या अर्लची पदवी मिळाली. पहिल्या जेम्सच्या काळात पदव्यांना भाव होता. याने १०,००० पौंड मोजले. घराणं डार्बीशरचं, पदवी डेव्हनशरची, हा घोळ तेव्हापासूनचा. १६८८ मध्ये, पुढे इंग्लंडचा राजा झालेल्या ऑरेंजच्या विल्यमला इंग्लंडला बोलावणाऱ्या सात जणांत चौथे अर्ल होते. त्याचं फळ म्हणून १६९४ मध्ये ड्यूकपद आलं. त्यांनीच बेसचं जुनं चॅट्सवर्थ उतरवून आज दिसतं ते घर बांधलं.

पुढची मोठी भर लग्नातून पडली. चौथ्या ड्यूकची पत्नी शार्लट बॉइल ही बर्लिंग्टनच्या अर्लची वारस. १७४८ च्या या लग्नाने यॉर्कशरमधलं बोल्टन ॲबी, आयर्लंडमधला लिस्मोरचा किल्ला, लंडनमधली चिझिक आणि बर्लिंग्टन ही घरं कॅव्हेंडिशांकडे आली. एकोणिसाव्या शतकाच्या अखेरीस इंग्लंड आणि आयर्लंड मिळून त्यांची जमीन दोन लाख एकरांच्या आसपास होती, त्यातली साठेक हजार एकर आयर्लंडात.

आपल्याकडचा मोठा वाडा ज्या रीतीने संपतो तशी रीत तिथे नव्हती, हे इथे लक्षात घ्यायला हवं. आपल्याकडे चार भाऊ, चार वाटण्या, मग चौकातून भिंत, मग एका भावाने आपला भाग विकला, की वाड्याचं नाव तेवढं उरतं. इंग्लंडमध्ये सगळं थोरल्याकडे जाई. धाकट्यांनी सैन्यात जावं, चर्चमध्ये जावं, चांगलं लग्न करावं. शिवाय कुळाचे करारनामे असे घट्ट बांधलेले असत, की चालू पिढीतल्या ड्यूकला मूळ जमीन सहजासहजी विकताही येऊ नये. तो धनी असून एका अर्थी राखणदार असे. म्हणून चारशे वर्षं ही मालमत्ता एकसंध राहिली. आणि म्हणूनच १८९४ मध्ये मृत्युकर आला तेव्हा तो या एकसंध ढिगावर, एकाच वेळी, एकाच माणसाच्या मरणाने बसू लागला.

जुनी देणी

ढीग मोठा होता, पण आतून पोकळही झालेला होता. सहावे ड्यूक अविवाहित आणि कमालीचे हौशी. त्यांनी १८२६ मध्ये जोसेफ पॅक्स्टन या विशीतल्या तरुणाला मुख्य माळी नेमलं. या नेमणुकीने बागकामाचा इतिहास बदलला. पॅक्स्टनने चॅट्सवर्थला काचेचं एवढं मोठं वनस्पतीगृह उभारलं, की त्यातून घोडागाडी जात असे. पुढे लंडनच्या १८५१ च्या प्रदर्शनाचा काचमहाल त्यानेच रचला. मॉरिशसहून आलेलं केळीचं एक बुटकं रोप त्याने चॅट्सवर्थच्या काचघरांच्या उबेत वाढवलं. १८३५ मध्ये ते फुललं आणि त्या जातीला मालकाचं नाव मिळालं: कॅव्हेंडिश. जळगाव-रावेरच्या शेतकऱ्याची बसराई आणि ग्रँड नैन या दोन्ही याच कॅव्हेंडिश गटातल्या. खानदेशातली रोपं डार्बीशरहून आली असं मी म्हणत नाही. पण जगातल्या निर्यातीच्या बहुतेक केळीला आज ज्या घराण्याचं नाव आहे, ते हेच.

हौसेला मोल असतंच. सहाव्या ड्यूकनी मागे दहा लाख पौंडांच्या आसपास कर्ज ठेवलं. सातवे ड्यूक विद्वान, काटकसरी. केंब्रिजची कॅव्हेंडिश प्रयोगशाळा त्यांच्या देणगीतून उभी राहिली. कर्ज फेडण्यासाठी त्यांनी बॅरो गावातल्या पोलाद आणि जहाजबांधणीच्या उद्योगात पैसा घातला. सुरुवातीला भरभराट झाली, मग उद्योग बसला आणि १८९१ मध्ये त्यांच्या मृत्यूच्या वेळी कर्ज पूर्वीपेक्षा वाढलेलं होतं. आठवे ड्यूक म्हणजे राजकारणातले लॉर्ड हार्टिंग्टन, १८८० ते १८८२ या काळातले भारतमंत्री. त्यांनी आयर्लंडमधल्या आणि इतर जमिनी विकून बरंच कर्ज उतरवलं. पण १९०८ मध्ये ते गेले आणि घराण्याला मृत्युकराचा पहिला मोठा हप्ता बसला: पाच लाख पौंडांहून जास्त.

नवव्या ड्यूकनी हा हप्ता जसा भागवला त्यात पुढच्याची रंगीत तालीम दिसते. इंग्लंडचा पहिला मुद्रक कॅक्स्टन याने छापलेली २५ पुस्तकं आणि जुन्या नाटकांचा मोठा संग्रह अमेरिकेत हंटिंग्टन या धनाढ्य संग्राहकाकडे गेला. पहिल्या महायुद्धात कोळसा मिळेना, म्हणून पॅक्स्टनचं वनस्पतीगृह थंड पडलं, झाडं मेली, आणि १९२० मध्ये ती इमारत सुरुंग लावून पाडली. त्याच वर्षी लंडनच्या पिकॅडिलीवरचं डेव्हनशर हाऊस विकलं. थोड्याच वर्षांत तेही जमीनदोस्त झालं. १९२९ मध्ये चिझिक गेलं. पद्धत ठरून गेली होती: दूरचं आणि शोभेचं आधी विकायचं, डार्बीशरला हात शक्य तितका उशिरा लावायचा.

दरम्यान दर चढतच होते. १८९४ मध्ये सर्वांत वरचा दर ८ टक्के होता. १९१९ मध्ये तो ४० झाला, १९४९ मध्ये ८०. भारतानेही १९५३ मध्ये असाच कायदा केला आणि पुढे त्याचा वरचा दर ८५ टक्क्यांपर्यंत नेला. तो १९८५ मध्ये रद्द झाला. करामागचा विचार मला पटतो. दोन लाख एकर एकाच कुळाकडे कायम राहावेत यात समाजाचं काही भलं नाही. ज्या रानात पिढ्यान्‌पिढ्या फक्त ड्यूकच्या पाहुण्यांनी शिकार करायची, त्या किंडर स्काउटच्या माळावर एप्रिल १९३२ मध्ये मँचेस्टरकडचे कामगार मुद्दाम घुसून चालले, आणि त्यांच्यातल्या पाच जणांना तुरुंगात जावं लागलं. या घराण्याची हीही बाजू आहे.

घरात दोन मोलकरणी

आता पुन्हा चॅट्सवर्थकडे. युद्धाच्या काळात तिथे पेनऱ्होस कॉलेज ही मुलींची शाळा आली होती. सोनेरी छतांच्या दालनांत ओळीने खाटा लागल्या. सैन्याने घर वापरण्यापेक्षा मुलींची शाळा बरी, असा हिशेब होता, आणि तो बरोबर ठरला. सैनिकांनी वापरलेल्या कितीतरी घरांची दैना झाली. १९४६ मध्ये शाळा गेली. त्यानंतर एवढ्या मोठ्या घरात रात्री झोपायला दोन मोलकरणी, बाकी कोणी नाही. दहाव्या ड्यूकना अशा घरांचं भविष्य अंधारलेलं दिसत होतं आणि परत राहायला जाण्याचा त्यांचा बेतही नव्हता. १९४८-४९ च्या हिवाळ्यात दोन हंगेरियन बायकांनी, ज्या आधी कॅथलीन केनेडीच्या लंडनच्या घरी कामाला होत्या, आपल्या देशबांधवांना हाताशी धरून ते झाडूनपुसून काढलं आणि १९४९ मध्ये घर प्रेक्षकांसाठी उघडलं. पुढे जे झालं त्याचा पाया या साफसफाईत आहे असं मला वाटतं, जरी इतिहासात नाव ड्यूक-डचेसचं झालं.

पुढच्या वर्षी ड्यूक गेले. सल्लागारांपैकी काहींचं म्हणणं होतं की आता यातून मार्ग नाही. एक प्रस्ताव असा, की चॅट्सवर्थ राष्ट्राला देऊन टाकावं, तिथे लंडनच्या व्हिक्टोरिया अँड अल्बर्ट संग्रहालयाची उत्तरेतली शाखा व्हावी. अकराव्या ड्यूकनी तो नाकारला. शक्य असेल तोवर घर ठेवायचं, हे त्यांचं पहिलं ठरलेलं होतं. बाकी प्रत्येक निर्णय त्यावरून ओळीने लागत गेला.

जमीन गेली ती सर्वांत मोठ्या प्रमाणात. डार्बीशरमधल्या ८३,००० एकरांपैकी ३५,००० उरले. बोल्टन ॲबी आणि लिस्मोर राहिले. कॉम्प्टन प्लेस शाळेला वापरायला दिलं.

मग कलावस्तू. इथे कायद्याच्या एका बदलाचा उपयोग झाला. कराऐवजी जमीन किंवा घर सरकारला देण्याची सोय आधीपासून होती; स्वतंत्र कलाकृतीही कराऐवजी देता येतील अशी सोय १९५६ च्या कायद्याने झाली. लगेच पुढच्या वर्षीपासून चॅट्सवर्थच्या वस्तू राष्ट्रीय संग्रहांत जाऊ लागल्या. दहाव्या शतकातली सेंट एथेलवोल्डची सोनेरी चित्रांनी मढवलेली आशीर्वादपोथी, अँग्लो-सॅक्सन कलेतली सर्वोत्तम पोथी म्हणावी अशी, आज ब्रिटिश लायब्ररीत आहे. क्लोद लोरँ याने आपल्या चित्रांची नोंद म्हणून स्वतः काढलेल्या रेखाटनांची वही आणि व्हॅन डाइकची इटलीतल्या रेखाटनांची वही ब्रिटिश म्युझियममध्ये. मेमलिंगचं तीन फळ्यांचं डन कुटुंबाचं वेदीचित्र नॅशनल गॅलरीत. सातवा आणि आठवा हेन्री दाखवणारं होल्बाइनचं भव्य आराखडाचित्र नॅशनल पोर्ट्रेट गॅलरीत. ब्राँझचं ग्रीक अपोलोचं मस्तकही म्युझियममध्ये गेलं. यातली एकही गोष्ट देशाबाहेर गेली नाही. कॅक्स्टनची पुस्तकं बाजारात विकली तेव्हा ती कॅलिफोर्नियाला गेली. कराऐवजी दिली तेव्हा मेमलिंग लंडनमध्ये राहिला आणि कोणालाही जाऊन बघता येऊ लागला. कराचा कायदा नीट घडवला तर काय साधतं, याचं याहून चांगलं उदाहरण मला माहीत नाही.

हार्डविक

सगळ्यांत अवघड निर्णय हार्डविकचा. बेसचं घर. चारशे वर्षांपूर्वीच्या भिंतीवरच्या विणलेल्या चित्रांच्या पटांसह, भरतकामासह, तिच्या काळच्या टेबल-खुर्च्यांसह जवळजवळ होतं तसं राहिलेलं. ते तसं राहिलं याचं कारण असं, की पुढचे ड्यूक चॅट्सवर्थमध्ये रमले. जिथे धनी राहतो तिथे दर पिढी बदल करते. हार्डविक दुय्यम झालं म्हणून वाचलं. त्या घरात नवव्या ड्यूकच्या विधवा पत्नी एव्हलिन राहत होत्या. त्या जुन्या कापडांच्या जाणकार. विटलेले, विरलेले पडदे आणि भिंतीवरचे पट त्यांनी वर्षानुवर्षं स्वतः बसून दुरुस्त केले, इतरांकडून करून घेतले.

घर कराऐवजी सरकारच्या ताब्यात आलं आणि १९५९ मध्ये नॅशनल ट्रस्ट या ऐतिहासिक घरं सांभाळणाऱ्या संस्थेकडे गेलं. एव्हलिनबाईंना तिथेच राहू दिलं. पुढच्याच वर्षी त्या वारल्या. हार्डविकमध्ये राहिलेल्या घराण्यातल्या त्या शेवटच्या.

दोन घरांतून एक ठेवायचं तर पूर्वजेचं द्यावं का, असा प्रश्न इथे पडतोच. मी बराच विचार केला आहे आणि मला हा निर्णय योग्य वाटतो. हार्डविक हे राहतं ठेवण्याचं घर नव्हतंच. त्याची खरी गरज होती ती कापड सांभाळणाऱ्यांची, मंद उजेडाची, कोणी काही बदलणार नाही या हमीची. ही गरज कुटुंबापेक्षा संस्था चांगली भागवते. चॅट्सवर्थचं उलट. तिथे शेती, जंगल, गावं, नोकरचाकर, बाग यांचा एक चालता कारभार होता, आणि तो चालवायला तिथे राहणारं माणूस हवं होतं. तेच संग्रहालय झालं असतं तर त्यातलं अर्धं मरून गेलं असतं. ड्यूकनी हा विचार अशा शब्दांत केला असेल की नसेल. पण जे घडलं ते दोन्ही घरांच्या स्वभावाला धरून घडलं.

त्याच वर्षी, १९५९ मध्ये, अँड्र्यू आणि त्यांच्या पत्नी डेबरा तीन मुलांना घेऊन एडनसर गावातल्या घरातून बागेपलीकडच्या चॅट्सवर्थमध्ये राहायला गेले. त्याआधी विजेच्या तारा, नळ, घर तापवण्याची सोय हे सगळं नव्याने केलं. सहाव्या ड्यूकचं गुहेसारखं स्वयंपाकघर बंद करून जेवणघराजवळ छोटं केलं. नोकरांच्या बारक्या खोल्या जाऊन सहा स्वतंत्र बिऱ्हाडं झाली, सतरा नवी न्हाणीघरं झाली. कर अजून फिटलेला नसताना हा खर्च उधळपट्टी वाटू शकतो. पण रिकाम्या घराचं छप्पर कोणी बघत नाही, आणि या घराचं छप्पर सव्वा एकराहून मोठं आहे.

देणं फिटलं, खर्च राहिला

करखात्याशी बोलणी संपायला सतरा वर्षं लागली. तोवर व्याज चालूच होतं. मात्र याच काळात एक गोष्ट घराण्याच्या पथ्यावर पडली. युद्धानंतरच्या मंदीत चित्रांचे भाव पडलेले असताना मूल्यांकन झालं होतं, आणि १९५० नंतर शेतीला चांगले दिवस येऊन जमिनीचे भाव वाढले. त्यामुळे कागदावर ८० टक्के कर असला तरी प्रत्यक्षात वस्तू आणि एकर मोजले तर नुकसान तेवढं झालं नाही. जे विकलं ते गेलं, पण जे उरलं त्याची किंमत वाढत राहिली.

तरीही घर चालवण्याचा वार्षिक खर्च इस्टेटीच्या उत्पन्नाला झेपेना. डेबराबाईंनी इथे हात घातला. १९७३ मध्ये मुलांना गाय-बकरी, दूध काढणं दाखवणारं शेतघर सुरू केलं. १९७७ मध्ये पिल्सली गावात शेतमालाचं दुकान काढलं. इस्टेटीवरचं मांस, चीज थेट गिऱ्हाइकाला. आज अशी दुकानं इंग्लंडभर आहेत, तेव्हा ती नवी गोष्ट होती. मिटफर्ड बहिणींतली ही सर्वांत धाकटी. बाकीच्या बहुतेक बहिणी लेखनाने आणि राजकारणाने गाजल्या, हिने दुकान उत्तम चालवलं. मला हिचं काम मोलाचं वाटतं.

शेवटचा आणि सर्वांत धीराचा निर्णय १९८१ चा. चॅट्सवर्थ हाऊस ट्रस्ट नावाची धर्मादाय संस्था स्थापन झाली आणि सेटलमेंटच्या विश्वस्तांनी घर, त्यातल्या मुख्य वस्तू, बाग आणि भोवतालचा बगीचा ९९ वर्षांच्या पट्ट्याने, वर्षाला एक पौंड भाड्यावर, तिच्याकडे दिला. नुसतं घर देऊन भागलं नसतं, सोबत निधी हवा होता. त्यासाठी पूसँचं ‘पवित्र कुटुंब’ हे चित्र १९८१ मध्ये १६ लाख ५० हजार पौंडांना विकलं. १९८४ मध्ये क्रिस्टीजकडे जुन्या थोर चित्रकारांची ७१ रेखाटनं लिलावात काढली आणि २ कोटी पौंडांहून जास्त आले. पौंडाची किंमत दरम्यान खूप घसरली होती हे खरं. तरी ज्या मृत्युकरासाठी अर्धं डार्बीशर विकावं लागलं त्याच्या आकड्याच्या जवळजवळ तिप्पट रक्कम ७१ कागदांतून उभी राहिली.

या व्यवस्थेने ड्यूक आपल्याच वाड्यात भाडेकरू झाले. घरातल्या ज्या खोल्यांत कुटुंब राहतं त्यांचं भाडं ते संस्थेला देतात. तिकिटाचा पैसा घराच्या देखभालीला जातो. ड्यूक वारले म्हणून घरावर पुन्हा मृत्युकर बसण्याचा प्रश्न उरला नाही, कारण घर त्यांच्या हाती मालक म्हणून उरलंच नाही. घराण्याने वहिवाट ठेवली आणि मालकी सोडली; १९५० मध्ये जे चार महिन्यांनी हुकलं होतं ते तीस वर्षांनी असं साधलं.

यावर आक्षेप घेणारे आहेत, आणि त्यांचं म्हणणं उडवून लावण्यासारखं नाही. धर्मादाय संस्थेच्या आडोशाला एका कुळाने पिढ्यान्‌पिढ्या तेच घर भोगायचं, हा करातून निसटण्याचाच सभ्य प्रकार नव्हे का? १९४६ चं सेटलमेंट तर उघडउघड कर टाळण्यासाठीच होतं. पण मी तराजूच्या दुसऱ्या पारड्यात जे बघतो ते असं: हार्डविक लोकांचं झालं. एथेलवोल्डची पोथी, मेमलिंग, होल्बाइन लोकांचे झाले. चॅट्सवर्थची दारं उघडी आहेत. आणि २००२ मध्ये, किंडर स्काउटच्या घटनेला सत्तर वर्षं झाली त्या कार्यक्रमात, ऐंशी ओलांडलेले अकरावे ड्यूक उभे राहिले आणि आपल्या आजोबांच्या वागण्याबद्दल त्यांनी जाहीर माफी मागितली. यातलं बरंचसं त्या ८० टक्क्यांच्या दट्ट्याशिवाय घडलं असतं असं मला वाटत नाही.

अँड्र्यू ३ मे २००४ रोजी वारले. डेबरा २०१४ मध्ये. त्यांचा मुलगा पेरेग्रिन बारावा ड्यूक झाला. २०१२ मध्ये राफाएलचं तरुण प्रेषिताच्या डोक्याचं रेखाटन सदबीजमध्ये २ कोटी ९७ लाख पौंडांना विकलं. घराच्या दगडांची, छपराची, आतल्या तारा-नळांची दुरुस्ती काही वर्षं चालून २०१८ मध्ये पुरी झाली. तिचा खर्च ३ कोटी २० लाख पौंडांच्या घरात होता. वस्तू विकून घर सांभाळायचं ही नवव्या ड्यूकच्या वेळची पद्धत म्हणजे अजून चालू आहे, फक्त आता पैसा करात न जाता दगडात जातो. एक पौंड भाड्याचा पट्टा २०८० मध्ये संपेल. तो पुढे वाढवायचा का आणि कोणत्या अटींवर, हे तेव्हाच्या विश्वस्तांना ठरवावं लागेल.